बावीस महिन्यांच्या मुलाला घेऊन नेदरलँड्सला जाताना: कागदपत्रे, प्रवास आणि आजीची सवय

घोडबंदर रोडची आई

नमस्कार. माझ्या पतीला नेदरलँड्समधील आइंडहोवेन येथे नोकरी मिळाली असून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याला रुजू व्हायचे आहे. आमचा मुलगा २२ महिन्यांचा आहे, म्हणजे मार्चमध्ये तो दोन वर्षांचा होईल. कंपनी आम्हा दोघांच्या व्हिसाचा अर्जही त्याच्याबरोबरच करणार आहे. मी ऐरोलीत नोकरी करते आणि ती सोडून जाणार आहे.

माझी खरी काळजी व्हिसाची नाही. माझी २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपली तेव्हापासून मुलगा दिवसभर सासूबाईंजवळ असतो. मी सकाळी साडेआठला निघते आणि सात वाजता परत येते. त्याचा बाबा सासूबाईंना 'आई' म्हणतो, म्हणून तोही त्यांनाच 'आई' म्हणतो, आणि मी 'मम्मा' आहे. दुपारी आणि रात्री तो त्यांच्या पदराचा काठ मुठीत धरूनच झोपतो. मऊ भात आणि वरण त्यांच्या हातूनच खातो. मी भरवायला बसले की तोंड फिरवतो. संध्याकाळी आजोबांबरोबर उपवन तलावावर जाणे हा त्याच्या दिवसाचा शेवट. हे सगळे एका दिवसात त्याच्याकडून काढून घेतले जाणार आहे आणि ते कसे करावे हे आम्हाला कळत नाही.

पतीने आधी जाऊन आम्ही दोघांनी नंतर जावे, की तिघांनी एकदमच जावे? दोन वर्षे पूर्ण होण्याआधी प्रवास केला तर मांडीवरच्या मुलाचे तिकीट खूप स्वस्त पडते, तो फायदा घ्यावा का? सासूबाईंना सुरुवातीचे दोन महिने बरोबर न्यावे, असे घरात चालले आहे. ते योग्य होईल का? ज्यांनी एवढ्या लहान मुलाला घेऊन घर हलवले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नेरुळहून आम्स्तलवेन

आम्ही चार वर्षांपूर्वी नेरुळहून इकडे नेदरलँड्समध्ये आलो तेव्हा आमची मुलगी २० महिन्यांची होती. आधी कागदपत्रांविषयी लिहिते, कारण तिथे एक चूक झाली की पुढचे सगळे अडते.

मुलाच्या जन्माच्या दाखल्यावर त्याचे नाव आहे ना, हे आजच पाहा. रुग्णालयातून नोंद जाते तेव्हा बारसे झालेले नसते आणि नावाची जागा कोरी राहते. पहिल्या वर्षात ते नाव महापालिकेत विनाशुल्क जोडता येते आणि त्यानंतरही शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत जोडता येते, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही, पण वेळ जातो. पासपोर्टवर मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे लिहिलेले असते आणि दाखल्यावर मात्र नुसते पहिले नाव असते, असे पुष्कळदा होते. इथली नगरपालिका जन्माचा दाखला प्रमाण मानते, म्हणून दोन्हीकडची नावे अक्षरशः जुळलेली असावीत. दाखला मराठी आणि इंग्रजी असा द्विभाषी असेल तर डच भाषांतराची गरज पडत नाही. मुलाचा जन्मदाखला आणि तुमचा विवाहाचा दाखला या दोन्हींवर आधी राज्य शासनाचे प्रमाणीकरण आणि नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचे प्रमाणपत्र, घ्यावे लागते. आम्ही हे काम एका मध्यस्थाकडे दिले होते. त्याने विवाहाच्या दाखल्याच्या छायाप्रतीवर अपोस्टिल आणले, ते इथे चालले नाही आणि माझ्या वडिलांना तीच धावपळ पुन्हा करावी लागली. मूळ दाखल्यावरच काम होईल, हे लेखी घ्या.

मुलाचा पासपोर्ट अजून काढला नसेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाताना पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा त्याचा फोटो छापून न्यावा लागतो, कारण चार वर्षांखालील मुलांचा फोटो तिथे काढत नाहीत. आई-वडील दोघांच्या सह्यांचे संमतिपत्रही लागते.

आता मुख्य प्रश्न. माझे स्पष्ट मत आहे की तुमच्या पतींनी चार ते सहा आठवडे आधी यावे. इथे भाड्याचे घर मिळणे फार कठीण झाले आहे, आणि जे मिळते त्याचा घरमालक त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करू देईलच असे नसते. ती नोंदणी झाल्याशिवाय नागरिक सेवा क्रमांक मिळत नाही आणि त्या क्रमांकाशिवाय आरोग्य विमा, बँक, डॉक्टर यांपैकी काहीच नीट सुरू होत नाही. आम्ही तिघे एकदम आलो आणि सात आठवड्यांत तीन घरे बदलली. दर वेळी मुलगी नव्या खोलीत रात्री दोनला उठून दाराकडे बोट दाखवून रडायची. तिला एकाच नव्या घरात आणले असते तर ते टळले असते. तुम्ही मुलाला घेऊन एकट्या येणार असाल तर पतीच्या सहीचे संमतिपत्र, त्याच्या पासपोर्टची प्रत आणि जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा. विमानतळावरील सीमा पोलीस ते मागू शकतात.

घर निवडताना जिना पाहायला सांगा. इथल्या जुन्या घरांचे जिने अरुंद आणि इतके उभे असतात की मोठी माणसेही कठडा धरूनच उतरतात. घोडबंदरच्या सदनिकेत वाढलेल्या मुलाने घरातला जिना पाहिलेलाच नसतो. वर आणि खाली दोन्हीकडे लाकडी फाटक बसवल्याशिवाय मुलाला त्या घरात आणू नका.

तिकिटाच्या बाबतीत बचत करू नका. मांडीवरच्या मुलाचे तिकीट मोठ्या माणसाच्या भाड्याच्या सुमारे दहा टक्के असते, परंतु त्याला आसन मिळत नाही. मुंबईहून थेट विमानाने सुमारे नऊ तास लागतात, आणि विमानातला पाळणा साधारण दहा-अकरा किलोपर्यंतच्याच बाळासाठी असतो. बारा किलोचे चालते-बोलते मूल नऊ तास मांडीवर धरणे किती कठीण असते, ते मी अनुभवले आहे. त्याला स्वतःची खिडकीजवळची जागा घ्या.

सामानात साजूक तूप, पेढे, पनीर असे काहीही ठेवू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला आणता येत नाहीत. बाळाच्या बंद डब्यातल्या दुधाच्या भुकटीला आणि बाळाच्या खाण्याला दोन किलोपर्यंत सूट आहे. कढीपत्ताही आणू नका. तूरडाळ, तांदूळ, रवा हे सगळे इथल्या भारतीय दुकानांत मिळते आणि तूप इथल्या लोण्याचे उत्तम कढते. नाचणीचे सत्त्व आणि मेतकूट मात्र घरचे आणा. आमच्या मुलीने पहिले दहा दिवस मेतकूट-भाताखेरीज दुसऱ्या कशाला तोंड लावले नाही.

वाशीतील बालरोगतज्ज्ञ

वरील माहिती उपयुक्त आहे. मी केवळ आरोग्याविषयी लिहितो.

लसीकरणाचे पुस्तक घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा आणि इंग्रजीत एक स्वच्छ तक्ता करून घ्या, ज्यात प्रत्येक लसीचे शास्त्रीय नाव आणि तारीख असेल. आपल्याकडील पुस्तकात लसीच्या बाटलीवरचे चिकटपत्र लावलेले असते आणि त्यावरच्या व्यापारी नावावरून परदेशातील परिचारिकेला काहीच बोध होत नाही. गोवराच्या दोन्ही मात्रा झाल्या आहेत का, हे तपासा. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात बीसीजी ही क्षयरोगाची लस सर्व मुलांना देत नाहीत, तर आपल्याकडे ती जन्मतःच दिली जाते. भारतीय नागरिकांची तेथे गेल्यावर क्षयरोगाची तपासणी होते, आणि बीसीजी घेतलेल्या मुलाची त्वचेवरील चाचणी आजार नसतानाही उमटू शकते. त्यामुळे बीसीजीची तारीख त्या तक्त्यात ठळकपणे असू द्यावी.

तेथे ताप आला म्हणून कोणी थेट बालरोगतज्ज्ञाकडे जात नाही. प्रथम घराजवळच्या कुटुंबाच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे लागते. त्याला तेथे हाऊसआर्ट्स म्हणतात. पुढे पाठवायचे की नाही, हे तो ठरवतो. बहुतेक वेळा तो पॅरासिटामॉल द्या आणि वाट पाहा, असे सांगेल. आपल्याकडे दुसऱ्याच दिवशी अँटिबायोटिक लिहून घेण्याची सवय लागलेल्या पालकांना हा निष्काळजीपणा वाटतो, परंतु विषाणूजन्य तापात तोच सल्ला योग्य असतो. पॅरासिटामॉलची मात्रा वयावरून न ठरवता वजनावरून ठरवा: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. मुलाचे वजन निघण्याच्या आठवड्यात करून लिहून ठेवा. तेथे लहान मुलांना हे औषध बऱ्याचदा गुदद्वारातून देण्याच्या वडीच्या रूपात मिळते, हेही आधी माहीत असलेले बरे.

आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यावा लागतो. १८ वर्षांखालील मुलांना हप्ता पडत नाही, तरी त्यांचे नाव विम्यात नोंदवावेच लागते. त्या देशात चार वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व देण्याची शिफारस आहे. डिसेंबरात दिवस जेमतेम पावणेआठ तासांचा असतो आणि आपल्या मुलांची त्वचा सावळी असते, त्यामुळे हे थेंब चुकवू नयेत.

विमानात झोप यावी म्हणून सर्दीचे औषध देण्याचा सल्ला आपल्याला पुष्कळ जण देतील. तो कृपया मानू नये. काही मुले त्या औषधाने झोपण्याऐवजी अधिकच चिडचिडी होतात आणि श्वासावर परिणाम होण्याचा धोका असतो तो वेगळाच. विमान खाली येऊ लागले की कान दुखतात, तेव्हा घोटघोट पाणी पाजत राहावे. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे ठाण्यात सातला उठणारे मूल तेथे पहाटे अडीचला टक्क जागे होईल. पहिले चार-पाच दिवस असेच जातील. त्या वेळी दिवे न लावता अंधारातच त्याच्याजवळ बसावे आणि दिवसा उजेड असताना त्याला बाहेर न्यावे.

आणखी एक. आपला मुलगा दोन वर्षांचा होईपर्यंत दोन शब्द जोडून बोलू लागला आहे का, याकडे लक्ष द्या. बोलत नसेल तर जाण्यापूर्वी श्रवणाची तपासणी करून घ्या. तिकडे गेल्यावर 'नवी भाषा आहे म्हणून बोलत नाही' असे सगळेच म्हणतात आणि खरी अडचण असेल तर वर्षभर लक्षात येत नाही.

नौपाड्यातील एक आजी

मुली, तुझ्या सासूबाईंच्या जागी मी होते, म्हणून लिहिते. माझा नातू दोन वर्षे एक महिन्याचा असताना लेक आणि जावई त्याला घेऊन रॉटरडॅमला गेले. तोही माझ्याजवळच वाढला होता.

घरात चालले होते म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. सर्वांना वाटले की त्याला सोपे जाईल आणि मला वाटले की मला सोपे जाईल. नवे घर, नवी थंडी, नवी माणसे, आणि त्यात ओळखीची एकटी मी. तो मला क्षणभर सोडेना. लेक स्वयंपाक करायची, जावई कामावर जायचे आणि मूल माझ्या मांडीवर, म्हणजे नौपाड्यात होते तेच तिथे. व्हिसाचे नव्वद दिवस संपले आणि मी निघाले तेव्हा त्या घरात त्याला झोपवण्याचा, भरवण्याचा, न्हाऊ घालण्याचा सराव माझ्याखेरीज कोणालाच नव्हता. तो पंधरा दिवस दारापाशी माझ्या चपलांच्या जागेवर जाऊन बसत होता, असे लेकीने मला फार पुढे सांगितले.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की बदल ठाण्यातच करा, जिथे बाकी सगळे ओळखीचे आहे. अजून दोन महिने हातात आहेत. शक्य असेल तर नोकरी ठरल्यापेक्षा महिनाभर आधी सोड. प्रथम आंघोळ तू घाल, मग दुपारची झोप, मग जेवण आणि शेवटी रात्र. एकेक गोष्ट आठवडाभर रुजू दे. सासूबाई घरातच असू देत, पण त्या खोलीत नकोत. तो रडेल. सासूबाईंना ते ऐकवणार नाही, तेव्हा त्यांना त्या वेळी खाली बागेत पाठव. त्यांची जुनी, मऊ झालेली सुती साडी कापून त्याची छोटी गोधडी शिवून घ्या आणि ती न धुता बरोबर न्या. मी ती शिवली पण स्वच्छ धुऊन दिली, ही माझी चूक झाली.

निघताना तो झोपलेला असताना किंवा त्याची नजर चुकवून निघू नका. सासूबाईंनी त्याला जवळ घेऊन सांगावे की तू विमानातून जाणार, मी इथे राहणार, आपण फोनवर बोलणार. त्याला सगळे समजणार नाही, पण आई एकाएकी नाहीशी झाली असे त्याला वाटणार नाही.

आता फोनचे सांगते. पहिला महिनाभर तो फोनच्या मागे हात घालून मला शोधायचा. त्यानंतर काही दिवस फोन दिसला की तो पळून जायचा, आणि मी इकडून 'मला ओळखलंस का, आजीला विसरलास का' असे विचारत राहायचे. ते मी बंद केले. त्याच्या सकाळच्या आठ वाजता, म्हणजे आपल्या साडेबाराला, लेक फोन टेबलावर उभा करून ठेवते. तो त्याची खीर खातो आणि मी इकडे मेथी निवडते किंवा शेंगा सोलते. बोलायचे असले तर बोलतो, नाहीतर नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर पुढे जातात, तेव्हापासून मी साडेअकराला बसते. आता तो चार वर्षांचा होत आला आहे आणि मेथी निवडून झाली का, असे तोच मला विचारतो.

बेलापूरचा बाबा

आम्ही तीन वर्षे हेगमध्ये राहून मागील वर्षी सीबीडी बेलापूरला परतलो. आजींनी जे लिहिले आहे ते मनाला लागले, तरी आमच्याकडे माझी आई पहिल्या सहा आठवड्यांसाठी आली होती आणि तिचा फार आधार झाला, हेही नोंदवतो. फरक कदाचित असा असावा की मूल तिच्या हाताखाली वाढलेले नव्हते. ती स्वयंपाक पाहत होती आणि मुलगी तिच्या आईजवळ होती.

नेरुळच्या ताईंच्या म्हणण्याला माझी एक पुस्ती आहे. पतींनी आधी जावे हे खरे, परंतु तो काळ सहा आठवड्यांच्या पुढे नेऊ नये. मी घराच्या शोधात साडेतीन महिने एकटा राहिलो. पत्नी मुलीला घेऊन आली तेव्हा मुलगी विमानतळावर माझ्याकडे यायला तयार नव्हती आणि पुढचे दोन महिने रात्री तिला फक्त आई चालत होती. नव्या देशात आईवर एवढा भार टाकणे बरे नाही.

पाळणाघराचे गणित मांडून ठेवा. तासाला दहा युरोंहून अधिक दर असतो, म्हणजे पूर्ण दिवसाचे शंभर युरोंच्या वर जातात. शासनाचे अनुदान मोठे आहे, परंतु ते मिळण्यासाठी आई-वडील दोघेही नोकरीत किंवा शिक्षणात असावे लागतात. तुम्हाला निवास परवान्यावर काम करण्याची मुभा असेल, पण काम मिळेपर्यंत ते अनुदान नाही. त्या काळासाठी दोन ते चार वर्षांच्या मुलांचे सकाळचे खेळगट असतात. त्यांना पेउटरओपफांग म्हणतात, आणि अनुदान न मिळणाऱ्या पालकांना तिथे नगरपालिका सवलत देते. आठवड्यातून दोन-तीन सकाळी तिथे जाणे तुमच्या मुलाला पुरेसे होईल. बालभत्त्यासाठीही अर्ज करा. या वयाला २०२४ मध्ये तिमाही सुमारे २८० युरो मिळत. चार वर्षे पूर्ण झाली की शाळा सुरू होते आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या शाळेला फी नसते.

खेळगटात पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असे हळूहळू सवय करून घेतात. आमची मुलगी तिथे पहिले चार महिने एक शब्द बोलली नाही. घरी मात्र ती बाहुल्यांना ओळीत बसवून त्यांच्याशी डचमध्ये बोलत असे. कोणी कितीही सांगितले तरी घरात तुटक इंग्रजी किंवा डच सुरू करू नका. मराठीच बोला, पूर्ण वाक्यांत बोला आणि निघताना दहा-पंधरा मराठी चित्रपुस्तके सामानात घ्या, कारण तिथे ती मिळत नाहीत. थंडीचे कपडे मात्र इथून नेऊ नका. तिथला पाऊस आडवा येतो आणि त्याला अंगभर घालायचा पावसाळी पोशाख तिथेच चांगला मिळतो. सायकलच्या पुढच्या दांड्यावर बसवायचे मुलाचे आसन पंधरा किलोपर्यंत चालते. आमच्या मुलीची कळी खुलली ती त्या आसनावर बसल्यापासून.

घोडबंदर रोडची आई

सर्वांचे मनापासून आभार. आजींचे उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग कपाटातून त्यांनी एक जुनी साडी काढून ठेवली.

आम्ही असे ठरवले आहे की पतीने फेब्रुवारीत पुढे जावे आणि आम्ही दोघांनी मार्चच्या मध्यात, वाढदिवस इथे सगळ्यांबरोबर करून जावे. तोवर मुलगा दोन वर्षांचा झालेला असल्याने त्याचे स्वतंत्र तिकीट लागेलच. सासूबाई बरोबर येणार नाहीत. त्या आणि सासरे जूनमध्ये येतील. जन्मदाखला पाहिला, त्यावर नावाची जागा खरोखरच कोरी आहे, तेव्हा सोमवारी महापालिकेत जाते आहे. राजीनामाही जानेवारीअखेरचा दिला आहे.

काल रात्री प्रथमच त्याला मी झोपवले. तो चाळीस मिनिटे रडला. सासूबाई खाली बागेत गेल्या होत्या आणि आमच्या खिडकीतला दिवा मालवेपर्यंत बाकावर बसून होत्या. शेवटी त्याने माझ्या ओढणीचे टोक हातात घेतले, ते हुंगून पाहिले आणि टाकून दिले. मग पुन्हा उचलले.

नौपाड्यातील एक आजी

ती ओढणी आता बदलू नकोस. आणि सासूबाईंना सांग, बागेत जाताना शाल घेऊन जा, थंडीत तलावाकडून गार वारा येतो.